चावी सिंधूताईंच्या कनवटीला

मित्रांनो, कधी लोणारहून बीबीकडे निघालात तर वाटेत सुलतानपूरच्या फाट्यावर जरा थांबा. तिथे चिंचेच्या झाडाखाली, भाजीच्या दुकानाला अगदी लागून एक म्हातारी जीप उभी असेल. अंग काळं, टप पिवळा आणि डाव्या दिव्याची काच बाकीच्या अंगाच्या मानाने जरा जास्तच नवी. ती मी. लोक मला काळीपिवळी म्हणतात. माझी हाडं खिळखिळी झाली आहेत, पण कान अजून शाबूत आहेत. जन्मभर कोंबून बसलेल्या माणसांच्या गप्पा ऐकल्या, की कान आपोआप तयार होतात.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पहिल्या मालकाने मला लग्नाच्या वरातींना फिरवलं आणि कंटाळा आल्यावर विकून टाकलं. मग मला सुलतानपूरच्या कडूबाने घेतलं. मेहकरच्या एका रंगाऱ्याने मला काळापिवळा साज चढवला आणि समोरच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत कडूबाच्या तान्ह्या मुलीचं नाव लिहिलं, ‘योगिनी’. त्या दिवसापासून फाट्यावर कोणी माझा नंबर सांगत नसे. ‘योगिनी आली’, ‘योगिनी भरली’, ‘योगिनी सुटली’, एवढंच म्हणत.

लोणार ते बीबी ही माझी वाट. स्टँडवर आम्हा गाड्यांचा नंबर लागतो. जिचा नंबर तिने शीट भरायची, आणि शीट भरल्याशिवाय हलायचं नाही, हा आमचा धर्म. शीट भरली म्हणजे काय, हे मात्र विचारू नका. सगळे बसले असं तुम्हाला वाटतं, तेव्हा आणखी चौघांना जागा होते. बाजाराच्या दिवशी माणसं, मेथीच्या जुड्या आणि पाय बांधलेल्या कोंबड्या असा सगळा संसार पोटात घेऊन मी धावत असे.

कडूबाचा हात फार सफाईदार. एकदा अडलेल्या बाईला लोणारच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्याने मला प्रत्येक खड्ड्यातून इतकं जपून नेलं, की त्या बाईला वाटेत जरा डुलकीसुद्धा लागली. कडूबाची गाडी म्हणजे घरची गाडी, असं लोक म्हणत. ते ऐकून मला माझ्या गंजलेल्या पत्र्याचाही अभिमान वाटे.

दारू त्याच्या आयुष्यात अगदी गुपचूप आली. आधी गाडी लावल्यावर थकवा उतरवायला, मग शेवटच्या फेरीच्या आधी, मग दुपारच्या चहाऐवजी. माझ्या केबिनमध्ये उदबत्तीच्या वासाखाली तो दुसरा वास मुरू लागला. आणि मित्रांनो, लोकांचं नवल सांगते. त्याला थांबवायचं सोडून ते त्याचं कौतुक करू लागले. स्टँडवरचा दुसरा ड्रायव्हर शेषराव तर नव्या माणसाला मुद्दाम सांगे, “हा कडू पेऊन बी गाडी एका लायनीत नेते. हात पाहा त्याचा.” कडूबा नुसता हसे. त्या कौतुकाने त्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं बाटलीनेही केलं नसेल.

मग दसरा आला. सकाळी कडूबाने मला धुतलं, झेंडूचा घसघशीत हार घातला, नारळ फोडला. माझी दृष्ट काढायला चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला त्यांच्यावरून पुढे घेतलं. लिंबं फाट्यावर भाजी विकणाऱ्या सिंधूताईंच्या दुकानातली. दुपारी शेषरावच्या मळ्यात सगळ्या ड्रायव्हरांची पार्टी झाली. मी बाहेर बांधावर उभी होते. दिवस मावळायला आला तेव्हा कडूबा बाहेर आला आणि माझ्या दाराची कडी त्याला दोनदा हुकली.

फाट्यावर सिंधूताई आणि त्यांचे यजमान पुंजाजी दुकानात होते. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस म्हणून दोघे पांढऱ्या कपड्यांत विहारात जाऊन आले होते आणि उरलेले झेंडू विकत बसले होते. वळणावर कडूबाने मला वळवलंच नाही. मी दुकानाचे बांबू मोडत आत गेले. टमाटे, वांगी, झेंडू सगळं माझ्या चाकांखाली आलं. पुंजाजींना माझा कडेचा पत्रा लागला आणि ते भाजीच्या ढिगाऱ्यावर पडले. त्यांचा पांढरा पायजमा गुडघ्यापाशी लाल झालेला मी माझ्या उरलेल्या एका दिव्याने पाहिला. जीव वाचला, पण गुडघ्याला टाके पडले आणि पुढे कितीतरी दिवस ते लंगडत चालले.

सकाळी लिंबांनी दृष्ट निघाली ती माझी. ज्याची काढायला हवी होती त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

पोलीस येईपर्यंत माणसांचा गराडा पडला होता आणि कडूबाला लोकांनी ओढून खाली बसवलं होतं. ठाण्यात त्याला एका यंत्रात फुंक मारायला लावली. यंत्राने जे सांगायचं ते सांगितलं. त्याचं लायसन्स जमा झालं, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि मला ठाण्याच्या आवारात उभं करून माझ्या दारावर खडूने आकडे लिहिले. दुसऱ्या दिवशी फाट्यावर लोक म्हणत होते, ‘योगिनीनं दुकान तोडलं’, ‘योगिनीनं म्हाताऱ्याले उडवलं’. योगिनी आता लोणारच्या कॉलेजात जाणारी मुलगी. एसटीत बसल्या बसल्या तिने आपलं नाव असं ऐकलं. संध्याकाळी ती एकटी ठाण्याच्या आवारात आली, शिपाईदादांना विचारलं आणि ब्लेडने माझ्या काचेवरचं नाव खरवडून काढलं. ती रडत नव्हती. मला मात्र फार वाईट वाटलं.

ती दिवाळी मी ठाण्यातच काढली. माझ्या गळ्यातला हार वाळून काळा पडला आणि मागच्या शिटाखाली एका मांजरीने पिल्लं घातली. कडूबा अधूनमधून पुष्पाबाईंबरोबर येई. पुष्पाबाई म्हणजे त्याची बायको, कमी बोलणारी आणि ठरवलेलं करणारी. त्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात उभं केलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर गुरुवारी येऊन बोलायला सांगितलं. दारू सुटताना माणसाचं काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. थंडीतही त्याला घाम येई. ज्या हाताने मला खड्ड्यांतून जपून नेलं होतं, त्या हातातला चहा बशीत सांडे. तरी तो येत राहिला.

एकदा शेषरावही बरोबर आला. माझ्याकडे बघून म्हणाला, “कडू, ही गाडी लाभत नाई तुले. विकून टाक.”

कडूबाने माझ्या बोनेटवर हात ठेवला. “गाडी लाभली बे. दारू नाई लाभली.”

तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्याला निम्मं माफ केलं.

बंधपत्र लिहून घेऊन पोलिसांनी मला सोडलं. न्यायला आला तो जीवन, पुष्पाबाईंचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे प्रवासी गाडीचं लायसन्स होतं. निघण्याआधी कडूबाने मांजरीची पिल्लं एकेक करून ठाण्याच्या पडवीत पोत्यावर नेऊन ठेवली. त्याचे हात तेव्हाही कापत होते, पण एकही पिल्लू त्याने पडू दिलं नाही.

मला वाटलं आम्ही घरी जाऊ. पण कडूबाने जीवनला सांगून मला फाट्यावर थांबवलं. माझ्या टपावरून नवे बांबू उतरवले आणि दिवसभर खपून दुकान पुन्हा उभं केलं. पुंजाजी खाटेवर पाय लांब करून बघत होते. सिंधूताई बाजूला गोणपाटावर भाजी मांडून विकत होत्या. काम संपल्यावर कडूबा त्यांच्यासमोर गेला आणि माझी चावी पुढे केली.

“सिंधूताई, ही तुमच्यापाशी ठेवा. घरी राह्यली त मी कोनाचीबी नजर चुकवून घेतो. मले माह्याच भरोसा नाई.”

“मी कायले ठेवू? मी काय तुमची मास्तरीन हाव का?”

“तुमचंच दुकान म्या तोडलं. तुमच्याइतकं कडक मले कोनी पाह्यणार नाई.”

सिंधूताईंनी पुंजाजींकडे पाहिलं. पुंजाजी म्हणाले, “आमी रोज पाचवं शील म्हनतो, नशा नाई करायची म्हनून. म्हनाले सोपं जाते. हा मानूस करून पाहून राह्यला. ठेव ना चावी.”

“ठेवीन,” सिंधूताई म्हणाल्या. “पन रोज सकाळी माह्यासमोर येऊन तोंड उघडून हा करा लागन. वास आला त चावी भेटनार नाई. जीवन असो का कोनी असो, गाडी दिवसभर इथंच उभी.” आणि त्यांनी चावी लुगड्याच्या कनवटीला खोचली, जिथे त्या दिवसाची कमाई ठेवत.

असा आमचा नवा दिनक्रम सुरू झाला. रात्री मी चिंचेखाली असे. सकाळी कडूबा येई, सगळ्या फाट्यादेखत वाकून ‘हा’ करी, सिंधूताई वास घेत आणि चावी देत. ती चावी तो जीवनच्या हातात ठेवी. मग स्वतः माझ्या मागच्या दारात उभा राहून ओरडे, “चला बीबी, बीबी, बीबी!” स्वतःच्या गाडीत तो किन्नर, म्हणजे क्लीनर, झाला होता. पोरं हसत. कोणी त्याच्यामागे तोंड वासून ‘हा’ करून दाखवी. कडूबा ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि म्हातारीची पिशवी आत घेई. मित्रांनो, मोठ्या माणसाने चारचौघांत रोज असं लहान व्हायचं, याला किती छाती लागते ते मला तेव्हा समजलं.

पण वाट सरळ नव्हती. शेषरावच्या घरचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा फाट्यावर आला तेव्हा त्याची मान खाली होती. तो आला नसता तर चाललं असतं. आजारी आहे म्हणून निरोप धाडला असता तरी कोणी विचारलं नसतं. पण तो आला, वाकला आणि त्याने ‘हा’ केलं.

सिंधूताईंनी वास घेतला. चावी कनवटीला तशीच ठेवून मेथीच्या जुड्या बांधायला बसल्या. जीवन काकुळतीला येऊन म्हणाला, “मावशी, शीट भरली आहे वो.” त्यांनी वर पाहिलंच नाही. माझ्यातली माणसं एकेक करून उतरली आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसली. लग्नसराईच्या ऐन गर्दीत मी दिवसभर चिंचेखाली उभी होते.

कडूबा मात्र घरी गेला नाही. दुकानाच्या कडेला बसून राहिला. दुपारी ऊन चढलं तेव्हा त्याने बादली उचलली, हापशावरून पाणी आणलं आणि भाजीवर शिंपडू लागला. संध्याकाळपर्यंत तो तेच करत होता. निघताना सिंधूताई एवढंच म्हणाल्या, “उद्या याल ना कडूभाऊ?”

“येतो,” तो म्हणाला. आणि तो आला. त्या सकाळी चावी मिळाली.

उन्हं तापू लागली तेव्हा कोर्टाची तारीख आली. लोणारला जायला सगळे माझ्यातच बसणार होते. निघायच्या आधी फाट्यावर शेषरावने आपली अक्कल पाजळली. “हे पाहा, तू पेला होता हे यंत्रात आलं, पन गाडी तूच चालवत होता हे कोनं लेहलं? पोलीस आले तवा तू खाली होता. जीवन म्हनन, मी चालवत होतो, समोर कुत्रं आलं. तो त पेत नाई. दंडावर भागन, तुह्यं लायसन्स वाचन.” मग तो सिंधूताईंकडे वळला. “ताई, तुमीबी म्हना, कोन चालवत होतं ते गर्दीत नाई दिसलं.”

जीवन तयार होता. पुष्पाबाई डब्याच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा पुन्हा बांधत होत्या, आणि त्या गाठीत घर कसं चालेल याची सगळी काळजी होती.

सिंधूताईंनी नेहमीसारखा वास घेतला, चावी कडूबाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “म्या पाह्यलं ते सांगीन. तुमचं तुमी पाहा.”

लोणारला कोर्टासमोरच्या कडुलिंबाखाली मला उभं केलं आणि सगळे आत गेले. आत काय झालं ते मला नंतर जीवनकडून कळलं. बीबीच्या प्रत्येक फेरीला तो ते सांगत असे, म्हणून मला पाठ आहे. वकील उभे राहायच्या आतच कडूबा न्यायाधीशांना म्हणाला, “साहेब, गाडी मीच चालवत होतो. मी पेलो होतो. कुत्रं नव्हतं, काई नव्हतं. जीवन तवा आपल्या घरी जेवत होता.” जीवन हे सांगताना दर वेळी थोडा थांबे. मग म्हणे, “मी मान हालवाले तयार होतो बाप्पा. पन भाऊजीनं मले वाचवलं.”

शिक्षा झाली. दंड झाला, दुकानाची भरपाई द्यावी लागली, आणि लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. वर कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे न्यायालयाचं दिवसभराचं काम संपेपर्यंत तिथेच बाकावर बसून राहायचं. लहान शिक्षा आहे असं लोक म्हणतात. पण ज्याला पंचक्रोशी ओळखते, त्याने सगळ्यांच्या येण्याजाण्यात गुन्हेगार म्हणून बसायचं. ते लहान नाही. पुष्पाबाई माझ्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वकील गेले, पक्षकार गेले, चहावाल्याने टपरी झाकली. सगळ्यात शेवटी कडूबा बाहेर आला.

पुष्पाबाईंनी डबा उघडला. “भाकर थंडी झाली,” त्या म्हणाल्या.

“असू दे. कितीतरी दिवसांनी भूक लागली,” तो म्हणाला आणि माझ्या पायरीवर बसून जेवला.

मग ते सहा महिने. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. माझ्या मागच्या दारात उभं राहून कडूबा भिजला, तापला, “चला बीबी” करत घसा बसवून घेतला. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं चुकवलं नाही. त्याला हसणारी पोरं कंटाळून हसायची थांबली. एक दिवस सुलतानपूरचीच एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन फाट्यावर आली आणि कडूबाला म्हणाली, “भाऊ, यायले बी गुरुवारी संग घेऊन जा.” कडूबाने त्या माणसाला माझ्यात आपल्याशेजारी बसवून नेलं. पुंजाजींचा गुडघाही तोवर बरा झाला होता. ते चिंचेखाली येऊन माझ्या चाकाला पाठ टेकून चहा पीत.

पुन्हा दसरा आला. आदल्याच दिवशी लायसन्स परत मिळालं होतं. सकाळी योगिनी लाल रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन आली. माझ्या काचेवर तिने स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं. अक्षरं जरा वाकडी आली, पण मेहकरच्या रंगाऱ्याच्या अक्षरांपेक्षा मला तीच जास्त आवडतात. कडूबाने हार घातला, सिंधूताईंकडून लिंबं घेतली. शेषरावने लांबून हाक मारली, “कडू, मळ्यात येतो का बे?” कडूबा म्हणाला, “शीट भरून राह्यलो. तुमी जा.”

सिंधूताई पांढरं लुगडं नेसून विहारात निघाल्या होत्या. त्यांनी कनवटीची चावी काढली आणि कडूबाच्या तळहातावर ठेवली. “घ्या कडूभाऊ. आता तुमची गाडी तुमी चालवा. आता हा नाई लागत.”

कडूबाने मूठ मिटली नाही. चावी तशीच तळहातावर ठेवून तो म्हणाला, “आजच त लागते ताई.” आणि भर फाट्यावर, आपल्या मुलीसमोर, तो वाकला आणि त्याने ‘हा’ केलं.

सिंधूताईंनी पदर सावरून वास घेतला. “चहा,” त्या म्हणाल्या. “आन् विलायची. जा आता, लोकं खोळंबले.”

कडूबा माझ्यात चढला. कितीतरी दिवसांनी त्याचे हात माझ्या स्टिअरिंगवर आले. ते कापत नव्हते. फाट्यावरच्या वळणावर त्याने मला इतकं हळू वळवलं, की पुंजाजींच्या पुढ्यातला झेंडूचा ढीग हललासुद्धा नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी सांगतात, की आम्हाला जपा, तेल-पाणी करा, गंजू देऊ नका. मी तसं काही मागत नाही. माझं तेलपाणी कडूबा करतो. मी एवढंच मागते, की पिऊन गाडी चालवणाऱ्याचं कधी कौतुक करू नका. तुमचा कितीही लाडका असला तरी त्याची चावी काढून घ्या. आणि कोणी स्वतः होऊन तुमच्या हातात चावी ठेवली, तर त्याला हसू नका. ती सांभाळून ठेवा, आणि सकाळी तो परत आला तर त्याच्याकडे नीट बघा. तो फार मोठं काम करून आलेला असतो.

आमचं विचाराल, तर लायसन्स खिशात आहे, कोर्टाचं सगळं फिटलं आहे, कोणाची कसली सक्ती नाही. तरी त्या दसऱ्याच्या संध्याकाळी शेवटची फेरी झाल्यावर कडूबाने मला चिंचेखाली लावलं, चावी काढली आणि दुकानाकडे गेला. सिंधूताईंनी काही न विचारता ती कनवटीला खोचली. आजही ती तिथेच असते.